एअरपोर्ट, हॉटेल, क्रूझ टर्मिनल: मुंबईत टॅक्सीला किती लागतील ते घरबसल्या कसं काढायचं

नागपूरच्या मावशीचा फोन. "अरे, आम्ही चौघं क्रूझला चाललो, एअरपोर्टवरून बोटीपर्यंत टॅक्सीला किती पडतील रे?" मी विचारलं, मावशी किती वाजता उतरताय, हॉटेल कुठे घेतलंय, बॅगा किती? तर म्हणे, "अरे बाप्पा, तू नुसता आकडा सांग ना." आता नुसता आकडा सांगायला मला काही हरकत नाही पण तो आकडा चुकला की चौघांसमोर माझीच इज्जत जाणार, म्हणून बसून नीट हिशेब काढून दिला, आणि तेव्हापासून ओळखीत कोणी क्रूझला निघालं की तोच मेसेज पुढे जातो. म्हटलं एकदा सविस्तरच लिहून टाकू.

आधी मीटरचं. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किमीला, आणि त्याच्या पुढे किमीला २०.६६. लोक ते ३१ वेगळे, उरलेले किमी वेगळे असं करत बसतात, काही गरज नाही. दीड गुणिले २०.६६ करून बघा, ३१ च येतात. म्हणजे सरळ किमी गुणिले २१ करायचं, झालं भाडं. २५ किमी असेल तर ५२५, खरं मीटर ५१७ च्या आसपास दाखवेल, आठ रुपयांनी आपलं काही बिघडत नाही. कोणी एजंट असो, हॉटेलचा डेस्क असो की गेटबाहेर "साब टॅक्सी" करणारा असो, हा एक आकडा डोक्यात असल्याशिवाय कोणाशी बोलायलाच जायचं नाही. समोरचा बाराशे म्हणाला तर ते महाग आहे की बरोबर आहे हे कळायला आपल्याकडे काहीतरी पाहिजे ना.

किमी मॅपवर बघा पण तुम्ही ज्या वेळेला निघणार त्या वेळेचा रस्ता बघा, कारण मुंबईत तेवढ्याच अंतराला तीन रस्ते असतात. टी-२ म्हणजे सहारचं टर्मिनल, तिथून क्रूझ टर्मिनलला, म्हणजे बॅलार्ड पिअरला, सायन-भायखळ्यावरून गेलात तर २४-२५ किमी, आणि चेंबूरकडे जाऊन ईस्टर्न फ्रीवे पकडला किंवा सी लिंक आणि कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला उतरलात तर दोन-तीन किमी जास्त. सी लिंकला कारचा टोल एका वेळचा १०० रुपये, तो तुमच्याकडून घेतला जातो. कोस्टल रोडला टोल नाही, फ्रीवेलाही नाही. म्हणजे सी लिंकवरून २८ किमी धरले तर ५८८ आणि १०० टोल, सातशेच्या आत. मला स्वतःला दुपारच्या वेळेला फ्रीवे बरा वाटतो, वर गाडी मस्त पळते, पण खाली पी. डिमेलो रोडला उतरलं की ऑरेंज गेटपाशी बोगद्याचं काम चाललंय आणि त्यात बंदराचे ट्रेलर, तिथे वर वाचवलेली दहा मिनिटं परत जातात.

आता यावर काय काय चढतं. रात्री १२ ते पहाटे ५ नाइट चार्ज, सव्वापट. ५२५ चे साधारण ६५५. दिवसा ट्रॅफिक, गाडी उभी असली तरी मीटर थोडं थोडं पुढे सरकतच असतं, त्यामुळे सकाळी साडेआठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात मी वीस टक्के वर धरतो, हा माझा ठोकताळा आहे, सरकारी नियम नाही. आणि एक गंमत बघा, दोन्ही एकदम धरायची गरज नसते. रात्री एक वाजता सायनला ट्रॅफिक नसतो आणि संध्याकाळी सात वाजता नाइट चार्ज नसतो. त्यामुळे फ्लाइट लेट होऊन मध्यरात्रीनंतर उतरलात तरी बजेट फार हलत नाही, सव्वापट धरून ठेवलं की दोन्हीकडून भागतं.

पण खरी चूक इथे कुठेच होत नाही. खरी चूक होते बॅगांमध्ये.

काळी-पिवळीची डिकी कधी उघडून बघितलीय का? सध्या बहुतेक वॅगन-आर नाहीतर जुन्या सँट्रो असतात, सगळ्या सीएनजीवर, आणि सीएनजीची ती भलीमोठी टाकी आडवी डिकीत बसवलेली असते, तिच्यावर एक जाड कपडा नाहीतर जुनी चादर टाकलेली, बाजूला पाण्याचा कॅन, फडकं, स्टेपनी. उरलेल्या जागेत केबिन साइजची एक बॅग बसते, तीही आडवी घालून, वरून दार दाबून. मोठी चाकांची बॅग म्हणजे वर कॅरिअरवर. कॅरिअरवर दोन बसतात, तिसरी ठेवली की ड्रायव्हर दोरी शोधायला लागतो. माणसं चार बसतात हो, कागदावर चार बसतात, पण चार माणसं आणि सहा बॅगा एका काळ्या-पिवळीत बसत नाहीत म्हणजे नाहीत. आणि क्रूझला जाणारी मंडळी बॅगा कमी आणत नाहीत, रात्रीच्या पार्टीचे कपडे वेगळे, डेकवरचे वेगळे, वर नागपूरची म्हणजे संत्राबर्फीचे डबे.

म्हणून पहिला प्रश्न किमी किती हा नाही, गाड्या किती हा आहे. माझा हिशेब असा, दोन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा म्हणजे एक काळी-पिवळी. तीन माणसं तीन बॅगा म्हणजे अॅपवरची सेडान, पण तिथेही सीएनजी सेडान असेल तर तिसरी बॅग पुढच्या सीटवर जाते. चार माणसं झाली म्हणजे दोन टॅक्सी नाहीतर एक मोठी सहा सीटर. मोठी गाडी घेतली तरी मागची सीट पाडावी लागते सामानासाठी, म्हणजे सहा सीटर म्हटलं तरी सामानासकट चारच माणसं. हे लोकांना गाडी दारात उभी राहिल्यावर कळतं आणि मग घाईत दुसरी गाडी मागवली जाते, जी हमखास महागात पडते. कॅरिअरवरच्या सामानाचे वेगळे पैसे मागतात ते चढवायच्या आधीच विचारून घ्या, उतरल्यावर वाद नको.

मावशीचा हिशेब मग असा झाला. टी-२ ते फोर्टमधलं हॉटेल, २५ किमी धरले, ५२५, शुक्रवारची संध्याकाळ म्हणून वीस टक्के वर, ६३०, दोन टॅक्सी, १२६०. दुसऱ्या दिवशी हॉटेल ते टर्मिनल दोन किमी, ४२ रुपये, दोन टॅक्सीचे ८४, पण इतक्या जवळच्या भाड्याला कोणी पटकन येत नाही म्हणून शंभर-दीडशे धरायला सांगितले. परत येताना टर्मिनल ते एअरपोर्ट सकाळी दहा वाजता, दोन टॅक्सीचे १०५० आणि थोडा ट्रॅफिक, बाराशे. एकूण २६०० च्या आसपास, हातात ३००० ठेव म्हटलं. मावशी म्हणाली, "एवढे? काका तर म्हणत होते सहाशे." काकांनी एका टॅक्सीचं एका वेळचं भाडं धरलं होतं. झालं काय तर फ्लाइट अडीच तास लेट, बारा वाजून गेले बाहेर पडेपर्यंत, संध्याकाळचा ट्रॅफिक संपला पण नाइट चार्ज लागला, दोन टॅक्सीचे मिळून तेराशेच्या थोडं वर. अंदाज पन्नास रुपयांनी चुकला. काका अजून म्हणतात की सव्वापट घेऊन फसवलं, त्यांना मी किती वेळा सांगितलं की तो नियम आहे.

एअरपोर्टवरून गाडी घ्यायची कशी? उतरल्यावर प्रीपेड टॅक्सीचं काउंटर असतं, तिथे पत्ता सांगून पैसे भरून पावती घ्यायची. मीटरपेक्षा जास्त जातात पण मध्यरात्री आईवडील एकटे येत असतील तर मी प्रीपेडच सांगतो, घासाघीस नाही, गाडीचा नंबर पावतीवर असतो. फक्त एक लक्षात ठेवायचं, ती ड्रायव्हरची पावती त्याच्या हातात हॉटेलच्या दारात उतरल्यावरच द्यायची, आधी नाही. तो गोड बोलून मागतो, "पर्ची दिखाओ" वगैरे, दाखवा, पण सोडू नका. अॅपवरची गाडी असेल तर पार्किंगच्या बिल्डिंगमधल्या ठरलेल्या लेव्हलवर यावं लागतं, ट्रॉली ढकलत तिथे पोचायला दहा मिनिटं धरा आणि मगच बुक करा, बेल्टवर बॅगेची वाट बघत बुक करू नका, गाडी येऊन थांबते आणि वेटिंगचे पैसे लागायला सुरुवात होते. एअरपोर्टचं पार्किंग का पिकअप चार्ज जे काही असेल ते बिलात वेगळं येतं, तेही धरून चाला.

अॅपच्या भाड्याचा अंदाज कसा काढायचा हे मला खूप जण विचारतात कारण ते दर तासाला बदलतं. उपाय अगदी सोपा आहे. तुमची फ्लाइट शुक्रवारी रात्री साडेनऊला उतरणार असेल तर त्याच्या आधीच्या शुक्रवारी रात्री दहा वाजता घरी बसून अॅप उघडा, पिकअप टी-२, ड्रॉप हॉटेल, आणि जे दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बुक करायचं नाही. साधी गाडी, सेडान, मोठी गाडी तिन्हीचे आकडे मिळतात. मला दिवसा टी-२ ते फोर्ट साधारण सहाशे ते नऊशेच्या मध्ये दिसतात, आणि एखाद्या दिवशी हजाराच्या वर. मंगळवारी दुपारी बघून शुक्रवारचा अंदाज बांधू नका एवढंच.

रिक्षाचा विचार डोक्यातून काढून टाका. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही. हां, हॉटेल अंधेरी नाहीतर वांद्र्याला असेल आणि सामान कमी असेल तर ठीक, किमीला १७.१४ आणि कमीत कमी २६, पण क्रूझवाल्या बॅगा रिक्षात घालून बघा एकदा, मांडीवर बॅग घेऊन सहारपासून पार्ल्यापर्यंत गेलात तरी पायांना मुंग्या येतात.

हॉटेल कुठे घ्यायचं यावरून घरोघरी भांडणं होतात, एअरपोर्टजवळ की बंदराजवळ. टॅक्सीच्या पैशांपुरतं बघाल तर जवळजवळ काहीच फरक नाही. फोर्ट-कुलाब्याला राहिलात तर लांब, जवळ, लांब. एअरपोर्टजवळ राहिलात तर जवळ, लांब, लांब. दोन लांबच्या फेऱ्या तुम्हाला कुठेही चुकत नाहीत. फरक आहे तो धाकधुकीत. फोर्टला राहिलात तर बोटीच्या दिवशी सकाळी फक्त दोन-तीन किमी जायचंय, टॅक्सी लगेच नाही मिळाली तरी एखादी कुठूनही येईल. अंधेरीला राहिलात तर बोर्डिंगच्या सकाळी सगळी मुंबई तुमच्या पुढे उभी असते. वांद्रे-दादर हा मधला मार्ग, वांद्रे ते बॅलार्ड पिअर १७ किमी धरा, ३५७, दादरहून १० किमी, २१०. पण ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दादरचे बरेच रस्ते बदललेले असतात, तेव्हा दादरचं हॉटेल नको. आणि जानेवारीतला तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीवरून सुटते, पहाटेपासून दक्षिण मुंबईचे रस्ते बंद, त्या दिवशी बोट असेल तर आदल्या रात्रीच फोर्टात येऊन झोपा. पावसाचं तेवढं टेन्शन नाही, क्रूझचा मोसम तसाही पावसाळा सोडूनच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टॅक्सीवाल्याला सांगायचं काय. हे मी स्वतः भोगलंय. आईबाबांना सोडायला निघालो, दादरला टॅक्सीत बसलो आणि म्हटलं क्रूझ टर्मिनल. तो म्हणाला, "जहाज ना? हां हां, मालूम है." मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. मासळीचा वास आला तेव्हा वर बघितलं, भाऊचा धक्का. समोर टोपल्या, बर्फाचे तुकडे, मांडव्याच्या रो-रोची, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीची, लाइन. त्याची तरी काय चूक, मुंबईत बोट म्हटलं की एक तर भाऊचा धक्का नाहीतर गेटवे, एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचेस तिथून सुटतात. तिथून वळून परत चार-एक किमी, ट्रेलरच्या मागे मागे, पंचवीस मिनिटं आणि मीटरचे नव्वदएक रुपये जास्त, आणि आईचा चेहरा. तेव्हा टॅक्सीवाल्याला क्रूझ हा शब्दच सांगायचा नाही. सांगायचं, "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट." बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत, रेड गेट, ग्रीन गेट, यलो गेट, ऑरेंज गेट, ब्लू गेट, जुन्या ड्रायव्हरांना सगळी तोंडपाठ असतात. इंदिरा डॉकवरचं नवीन मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं, तेही बॅलार्ड पिअरलाच. तरी तिकिटावर कुठलं गेट छापलंय ते घरून निघायच्या आधी वाचा, अॅपमध्ये पिन टाकताना तर डोळ्यात तेल घालून टाका, डॉकच्या आत पाण्यात पिन पडते आणि गाडी भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहते.

तिकिटावर एअरपोर्ट कुठलं तेही बघून घ्या, आता हा नवीन घोळ. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलं आणि ते उलव्याचं निघालं तर सगळा हिशेब बदलतो. तिथून अटल सेतूने शिवडीला उतरून बॅलार्ड पिअर म्हणजे पस्तीस-चाळीस किमी, वर सेतूचा टोल कारला दोनशे ते अडीचशे, कुठून चढताय त्यावर. वाशीवरून आलात तर टोल नाही, मुंबईच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे, पण अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात आणि चेंबूरला येईपर्यंत वाचवलेले पैसे मीटरमध्ये गेलेले असतात. सेतूनेच या.

सामान कमी असेल, म्हणजे एक ट्रॉली आणि पाठीवर एक सॅक, तर हे सगळं सोडा आणि मेट्रो ३ पकडा. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे, टी-२ ला स्टेशन, टी-१ ला स्टेशन, आणि इकडे सीएसएमटी, हुतात्मा चौक. आरे ते कफ परेड पूर्ण लाइनचं तिकीटच ७० रुपये, म्हणजे तुम्हाला त्याच्या आतच. सीएसएमटीला वर येऊन काळी-पिवळी करायची, ग्रीन गेट दीडएक किमी, ३१ रुपयांचं मिनिमम भाडं. शंभरात काम, ट्रॅफिक शून्य. फक्त मध्यरात्री मेट्रो नसते, आणि चार मोठ्या बॅगा स्कॅनरमधून काढत जिने-लिफ्ट करायची तयारी असेल तरच. मावशीला मी हे सुचवलंच नाही.

राहिली परतीची फेरी. बोट सकाळी लागते आणि सगळी जनता एकदम बाहेर येते, हजारोंनी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येकजण तीच गाडी मागवतोय, त्यामुळे अॅपचे भाव तिथे त्या अर्ध्या तासात चढतातच. बाहेर उभे असलेले टॅक्सीवाले मीटरचं नाव काढत नाहीत, एअरपोर्ट हजार, बाराशे, पंधराशे, तोंडाकडे बघून. तुमच्या डोक्यात ५२५ चा आकडा आहे, तेव्हा शांतपणे म्हणा, "मीटरसे चलोगे?" दोन नाही म्हणतील, तिसरा बहुतेक वेळा तयार होतो किंवा सहाशे-सातशेला तुटतो, त्या गर्दीत सातशे मला चुकीचे वाटत नाहीत. मीटर टाकल्यावर ३१ दिसायला हवेत, आधीच्या भाड्याचा आकडा राहिलेला नको. नाहीतर बाबांनी केलं तसं करायचं, आईला बॅगांपाशी बसवून ते गेटपासून बॅलार्ड इस्टेटच्या आत दोन गल्ल्या चालत गेले, रविवार होता, सगळी ऑफिसं बंद, झाडाखाली एक टॅक्सीवाला सीट मागे करून झोपलेला, त्याला उठवून मीटरवर घेऊन आले. पाचशे साठ झाले. पाचशेच्या दोन नोटा होत्या, सुट्टे त्याच्याकडे नव्हते, आणि क्यूआर कोडचा स्टिकर उन्हाने इतका पांढरा पडला होता की स्कॅनच होईना, शेवटी आईच्या पर्समधून दहा-दहाच्या सहा नोटा निघाल्या तेव्हा कुठे बॅगा उतरल्या.